बाई, 'सर्वसाधारण दर' म्हणजे मध्य की बहुलक? (सांख्यिकी शिकवणाऱ्यांच्या प्रशिक्षणाबद्दल)

गोदातीर

नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी नववी-दहावीला गणित शिकवते. एकोणीस वर्षं झाली. हा धागा रडगाणं म्हणून वाचलात तरी चालेल, पण शेवटी एक प्रश्न आहे, तेवढा टाळू नका.

गेल्या महिन्यात दहावीला गृहीतमध्य पद्धत (सोयीचा आकडा सरासरी मानून खरी सरासरी काढायची रीत) शिकवत होते. गणित भाग १ मधलं सांख्यिकीचं सहावं प्रकरण, म्हणजे शेवटचं. शेवटचं असल्यामुळे ते दरवर्षी धापा टाकतच येतं. सराव परीक्षा तोंडावर असते, वर्गाचं अर्धं लक्ष स्नेहसंमेलनात असतं. फळ्यावर सारणी भरली, मध्य आला, त्याला चौकट केली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. निफाड तालुक्यातली आहे, इथे मामांकडे राहून शिकते.

"बाई, पप्पांच्या मोबाईलवर रोज कांद्याचा भाव येतो. किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. ते सर्वसाधारण म्हणजे हा मध्य का?"

मी ठोकून दिलं, "हो, मध्यच. सरासरी."

"पण किमान-कमाल मिळवून भागिले दोन केलं तर तो येत नाही."

"अगं, मधल्या सगळ्या ट्रॉल्यांचे भाव पण धरावे लागतात ना." ती बसली. माझं मात्र समाधान होईना. रात्री केंद्र सरकारचं ॲगमार्कनेट पोर्टल उघडून बघितलं, तर इंग्रजी रकान्याचं नाव 'मोडल प्राइस'. मोड! म्हणजे बहुलक, सगळ्यांत जास्त वेळा येणारी किंमत. एकोणीस वर्षं बहुलकाची उदाहरणं सोडवून घेतेय आणि जिल्ह्यातली लाखभर माणसं रोज सकाळी जो बहुलक बघतात तो मला ओळखू आला नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. मुलांना भारी मजा वाटली.

त्यानंतर पंधराच दिवसांनी गणित शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, आणि विषय नेमका सांख्यिकी व संभाव्यता. कुणी घेतलं, कुठे झालं ते सोडा. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन आणि स्वागत यांतच साडेअकरा वाजले. मग तज्ज्ञ मार्गदर्शकांनी पुस्तकातलंच गृहीतमध्याचं उदाहरण फळ्यावर सोडवलं आणि आम्ही साठ शिक्षकांनी ते वहीत उतरवून घेतलं. जे आम्ही दरवर्षी चार तुकड्यांवर शिकवतो तेच! जेवणानंतर मध्यप्रमाण विचलन पद्धत, म्हणजे मध्य काढायचीच आणखी एक रीत. दुसऱ्या दिवशी संभाव्यतेत नाणी, फासे, पत्ते. शेवटी ग्रुप फोटो.

माझा प्रश्न असा आहे. सरळ पद्धत, गृहीतमध्य, मध्यप्रमाण विचलन हे आपल्याला येतंच. मग सांख्यिकी शिकवण्यासाठी शिक्षकानं नक्की काय शिकायला हवं? आणि ते कसं?

चाळीसपैकी_चाळीस

मॅडम, राग मानू नका. माझा कॉलेज रोडला क्लास आहे. पेपर ४० मार्कांचा, वेळ दोन तास. पोराला सारणीचे रकाने बरोबर पाडता आले, गुणाकार चुकला नाही आणि एकक लिहिलं की विषय संपला. कांद्याचा भाव बोर्ड विचारत नाही. प्रशिक्षणात तेच ते शिकवतात कारण परीक्षेत तेच ते येतं. मार्गदर्शकांचा काय दोष?

गोदातीर

दोष त्यांचा नाहीच. ते बिचारे आमच्यासारखेच शिक्षक. पण सर, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर सांख्यिकीचं प्रकरण हे गुणाकार-भागाकाराचं प्रकरण झालं की हो. ते पाचवीत होऊन गेलं.

निवृत्त_खडू

गोदातीर ताई, लिहिलंत ते बरं केलंत. मी ३४ वर्षं गणित शिकवलं, आता पंचवटीत नातवंडं सांभाळतो. एक जुनी गोष्ट सांगतो. अशाच एका प्रशिक्षणात मी विचारलं होतं की वर्गीकृत सामग्रीच्या (म्हणजे १०-२०, २०-३० अशा वर्गांत मांडलेल्या आकड्यांच्या) बहुलकाचं सूत्र आलं कुठून? मध्याचं सूत्र समजतं, मध्यकाचंही (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या किमतीचं) समजतं. बहुलकाचं ते लांबलचक सूत्र आकाशातून पडल्यासारखं वाटतं. सभागृहात शांतता. शेवटी, "वेळेअभावी हा प्रश्न आपण नंतर घेऊ."

नंतर कुणी घेतला नाही म्हणून मीच बसलो. कागद घ्या आणि आयतालेख काढा, म्हणजे प्रत्येक वर्गात किती आकडे आले (वारंवारता) तेवढ्या उंचीचे एकमेकांना चिकटलेले स्तंभ. समजा १०-२० या वर्गाची वारंवारता ६, २०-३० ची १२ आणि ३०-४० ची ८. मधला स्तंभ सगळ्यांत उंच, तोच बहुलकीय वर्ग. आता त्याच्या माथ्याचा उजवा कोपरा डाव्या शेजाऱ्याच्या माथ्याच्या उजव्या कोपऱ्याला जोडा. माथ्याचा डावा कोपरा उजव्या शेजाऱ्याच्या माथ्याच्या डाव्या कोपऱ्याला जोडा. उंच स्तंभाच्या पोटात फुली पडते. त्या फुलीच्या छेदबिंदूतून खाली लंब टाका. तो आडव्या अक्षाला जिथे लागतो तो बहुलक.

फुलीमुळे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. डाव्या त्रिकोणाची उभी बाजू १२ वजा ६, म्हणजे ६. उजव्याची १२ वजा ८, म्हणजे ४. म्हणून छेदबिंदू वर्गाची रुंदी ६:४ या प्रमाणात विभागतो. रुंदी १०, तर २० च्या पुढे ६. बहुलक २६. आता सूत्रात किमती घालून बघा. वर ६, खाली २४ वजा १४ म्हणजे १०, गुणिले १०, अधिक २०. तेच उत्तर येतं!

भाग २ मध्ये पहिलंच प्रकरण समरूपता. दोन पुस्तकं एकमेकांना भेटतात ती या फुलीत. आणि पोरांना आपोआप कळतं की बहुलक उंच शेजाऱ्याकडे झुकतो. सूत्र पाठ असलेल्या किती जणांना हे सांगता येईल?

चाळीसपैकी_चाळीस

सर, ही फुली मला माहीत नव्हती. उद्या क्लासमध्ये काढतो. पाठांतरालाच मदत होईल.

निवृत्त_खडू

कशालाही होऊ द्या, काढा म्हणजे झालं.

खळ्यावरचा

शिक्षक मंडळींच्या धाग्यावर घुसतोय, माफ करा. आमचं लासलगावला कांद्याचं खळं (माल उतरवून निवडायची जागा) आहे, वडील व्यापारी. त्या मुलीचा प्रश्न एक नंबर आहे.

ज्या भावाच्या आसपास जास्त माल गेला तो सर्वसाधारण दर. एखादी ट्रॉली एकदम सुपर माल म्हणून वर जाते, एखाद्याची गोल्टी (बारीक कांदा) नाहीतर खाद (खराब माल) मातीमोल जाते. ही दोन टोकं म्हणजे कमाल आणि किमान. पेपरवाले कमाल भावाची हेडलाइन करतात, मग गावाकडून शेतकरी विचारतो की मला तो भाव का नाही? अरे, त्या भावानं दिवसभरात दोनच पिकअप गेल्या असतील.

दुसरी गोष्ट. लिलावात व्यापारी वरचा माल बघून बोली लावतो. वरचे कांदे हातात घेतो, थोडं चाळवतो, पुढे जातो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तशी. पण भात ढवळलेला असतो, ट्रॉली ढवळलेली नसते. काही जण वर निवडलेला माल ठेवतात. खळ्यावर खाली केलं की खरं कळतं आणि तिथे भांडण लागतं. तुमच्या पुस्तकात याला काय म्हणतात माहीत नाही, आमच्याकडे 'थर लावला' म्हणतात.

गोदातीर

याला आम्ही नमुना निवडीतला दोष म्हणतो. म्हणतो म्हणजे बीएस्सीला एकदा वाचला होता. दहावीच्या पुस्तकात सामग्री आयतीच दिलेली असते. ती कुणी गोळा केली, कशी केली, थर लावला होता का, हा प्रश्नच निघत नाही.

तुमचा प्रतिसाद वाचून आज वर्गात एक उदाहरण घेतलं. आकडे माझ्या मनचे आहेत. समजा सकाळी सात गाड्या विकल्या गेल्या. भाव क्विंटलला ७००, १३००, १३००, १४५०, १५००, १५५० आणि २७००. मध्य १५००, मध्यक १४५०, बहुलक १३००. आणि मुलं कायम करतात ती किमान-कमालाची अर्धी बेरीज १७००. एकाच सकाळचे चार आकडे, आणि चारही कुणी ना कुणी 'सरासरी भाव' म्हणून सांगू शकतो. मग विचारलं, पेपरात कुठला छापायचा? पंचवीस मिनिटं नुसता गोंधळ. एक जण म्हणाला, "बाई, मी शेतकरी असेन तर १३००, सरकार असेन तर १७००." हशा झाला, पण उत्तर उगाच नव्हतं.

खळ्यावरचा

ताई, एक दुरुस्ती. गाड्या मोजू नका, क्विंटल मोजा. तुमच्या ७०० वाल्याची आणि २७०० वाल्याची पिकअप असेल, समजा ४-४ क्विंटल. बाकीच्या पाच ट्रॉल्या २०-२० क्विंटलच्या. मग तुमचे १५०० राहत नाहीत. एकूण माल १०८ क्विंटल, एकूण पैसे १,५५,६०० रुपये. भागाकार केला तर १४४१ च्या आसपास. आमचा मुनीम असाच करतो, त्याला तुमचं सूत्र माहीत नाही.

गोदातीर

मुनीमजींना प्रशिक्षणाला बोलवायला हवं होतं. गंमत म्हणजे सारणीत आपण वर्गमध्याला वारंवारतेनं गुणतो, ते हेच असतं. हे भारित मध्याचंच (कमी-जास्त मालाला कमी-जास्त वजन देऊन काढलेल्या मध्याचंच) रूप आहे असं मी वर्गात कधी म्हटलेलं नाही.

किवी_नाशिककर

मी मूळची गंगापूर रोडची, गेली बारा वर्षं ऑकलंडजवळ शाळेत गणित शिकवते. इथे आल्यावर सगळ्यांत मोठा धक्का सांख्यिकीचाच बसला. मी पुण्याहून एमएस्सी करून आलेली, मला वाटलं होतं की हे डाव्या हातचं काम.

इथे मुलं एका चक्रातून जातात. आधी प्रश्न ठरवायचा, मग माहिती कशी मिळवायची याची योजना, मग प्रत्यक्ष सामग्री, मग विश्लेषण आणि शेवटी निष्कर्ष. हे पाच टप्पे इथल्या वर्गांच्या भिंतींवर चिकटवलेले असतात. ऑकलंड विद्यापीठातल्या ख्रिस वाइल्ड आणि मॅक्सीन फॅनकुक यांनी १९९९ साली सांख्यिकी विचार म्हणजे काय यावर जो शोधनिबंध लिहिला, त्यात हे चक्र आहे. अमेरिकेतही अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचा शाळांसाठीचा आराखडा आहे, त्याला 'गेझ' म्हणतात. पहिला २००५ चा, सुधारित २०२० चा. त्यात चार पायऱ्या आहेत: प्रश्न, सामग्री, विश्लेषण, अर्थ लावणं. आपण नाशिकला शिकवायचो ती फक्त तिसरी पायरी, आणि तीही अर्धी.

त्याच संस्थेनं २०१५ मध्ये खास शिक्षकांच्या तयारीवर एक अहवाल काढला. त्यातला मुद्दा मला पटला. गणितात उत्तर निश्चित असतं, सांख्यिकीत चढउतार असतोच आणि संदर्भाशिवाय आकड्याला अर्थ नसतो. म्हणून गणित चांगलं येणाऱ्या शिक्षकालाही ही वेगळी सवय लावून घ्यावी लागते. ती व्याख्यान ऐकून लागत नाही. एकदा तरी स्वतः प्रश्न काढून, स्वतः मोजून, स्वतः फसावं लागतं.

मी कशी फसले ते सांगते. पहिल्या वर्षीच्या कार्यशाळेत आम्हाला विचारलं, "तुमच्या वर्गातली मुलं शाळेत किती वेळात पोहोचतात?" मी लगेच वर्ग पाडायला घेतले, ०-१०, १०-२०. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "थांब. वेळ कधीपासून मोजायचा? दारातून निघाल्यापासून की बसमध्ये बसल्यापासून? आणि घड्याळ बघून सांगणार की अंदाजानं?" सगळ्यांनी अंदाजानं सांगितलं होतं. कुणीच १३ मिनिटं म्हणालं नव्हतं. १०, १५, २०, ३०. बिंदू मांडले तर पाचाच्या पाढ्यावर ढिगारे! तो बहुलक रस्त्याचा नव्हता, माणसांच्या तोंडच्या अंदाजाचा होता.

चाळीसपैकी_चाळीस

मॅडम, वाचायला छान आहे. पण तिकडे वर्गात किती मुलं? इथे एका तुकडीत ६५. तासिका ३५ मिनिटांची. त्यात हजेरी.

किवी_नाशिककर

माझ्या वर्गात २७. तुमचा मुद्दा खराच आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फक्त एवढंच म्हणेन की सांख्यिकीत ६५ मुलं ही अडचण कमी आणि सोय जास्त. मला २७ वरून आयतालेख काढताना तो भुकेला दिसतो.

पोळा_फुटला

संगणक असल्याशिवाय हे होतं का? आमच्या शाळेतली लॅब कुलपात आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे.

किवी_नाशिककर

संगणक असला तर 'कोडॅप' नावाचं मोफत साधन ब्राउझरमध्येच चालतं. नसला तर फळ्यावर चिकटवलेल्या टिकल्या. मी आजही सुरुवात टिकल्यांनीच करते.

आश्रमशाळेतला

सुरगाणा तालुक्यातल्या आश्रमशाळेवर आहे. प्रशिक्षण नाशिकला असलं की पहाटेची गाडी धरायची आणि रात्री परतायचं. त्यापेक्षा ऑनलाइन बरं असं वाटलं होतं. खरं सांगू? प्रमाणपत्रासाठी व्हिडिओ चालू ठेवून भात लावणीला गेलो होतो. व्हिडिओत काय होतं ते आजही माहीत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात दरवर्षी किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. माझे तास भरले आहेत.

पण या धाग्यावरून एक सांगावंसं वाटतं. गेल्या पावसाळ्यात मुलांनी पत्र्याच्या डब्यात पाऊस मोजला. तीन डबे ठेवले, एक वसतिगृहाच्या मागे, एक मैदानात, एक विहिरीजवळ. रोज सकाळी पट्टी बुडवून मिलिमीटर लिहायचे. तिन्हीचे आकडे रोज वेगळे. मुलांचं म्हणणं, "सर, एक डबा खोटा बोलतोय." मी पण तसंच समजलो. वसतिगृहामागचा डबा काढून टाकला, कारण तोच सगळ्यांत कमी दाखवायचा. नंतर कळलं, त्यावर झाड होतं.

आता वाटतं, तो डबा काढायला नको होता. झाडाखालचा पाऊस हाही एक प्रश्न होता. तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

आणि जिल्ह्याच्या सरासरीचं म्हणाल तर आमच्याकडे तिच्यावर हसतात. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, येवल्याकडे पाचशे-सहाशे. पंधरा तालुक्यांची एक सरासरी काढली की ती एकाही तालुक्याला होत नाही. पेपरात 'जिल्ह्यात सरासरी ओलांडली' छापून येतं तेव्हा पूर्वेकडे टँकर चालू असू शकतात.

गोदातीर

सर, ती पावसाची वही जपून ठेवा. खरंच सांगते.

नांगरमुठ्या

कृषी खात्यातून निवृत्त, मूळ सटाण्याचा. थर लावल्याचं वाचून राहवलं नाही.

मी शेकड्यानं पीक कापणी प्रयोग (शेतातला ठरावीक तुकडा कापून उत्पादन मोजणं) केले आहेत. पीक विम्याची भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या अशा मोजक्या प्रयोगांवरून, त्यामुळे जागा कुठली निवडायची याला फार महत्त्व. आपल्या मर्जीनं निवडायची नसते. यादृच्छिक (चिठ्ठी काढल्यासारख्या, कुठल्याही क्रमाशिवाय आलेल्या) संख्यांचा तक्ता असतो. त्यातून संख्या काढायची, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून तेवढी पावलं मोजायची आणि तिथे दोरी आखायची. शेतकरी म्हणतो, "साहेब, तिकडचं घ्या, तिकडे पीक कमी आलंय." विम्याचे पैसे मिळावेत म्हणून. विमा कंपनीचा माणूस दुसरीकडे बोट दाखवतो. दोघांचंही ऐकायचं नाही. तक्त्याचं ऐकायचं.

यामागचा इतिहास तुम्ही मुलांना सांगत असाल तर माहीत नाही. सातारा जिल्ह्यातलं बुध हे गाव, तिथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत मोठ्या हुद्द्यावर गेले. १९४० च्या दशकात त्यांचा आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा वाद होता. पीक कापायचा तुकडा लहान घ्यायचा की मोठा? महालनोबिस म्हणत, लहान तुकडे घ्या पण पुष्कळ घ्या. सुखात्म्यांनी दाखवलं की लहान तुकड्यात उत्पादन फुगून येतं.

का फुगतं ते मी दोरी धरून बघितलंय. दोरीवर जे झाड येतं ते आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. आता तुम्ही गणितवाले हिशोब करा. १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्याला परिमिती ४ आणि क्षेत्रफळ १. १० बाय ५ च्या तुकड्याला परिमिती ३० आणि क्षेत्रफळ ५०, म्हणजे एका चौरस मीटरमागे कड फक्त ०.६ मीटर. लहान तुकड्याला जवळजवळ सातपट कड. जेवढी कड जास्त तेवढी 'आत ओढलेली' झाडं जास्त.

२९ जून, महालनोबिसांचा जन्मदिवस, २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. भाषणं ठेवण्यापेक्षा मैदानात दोरी घेऊन जा, गवत मोजा.

निवृत्त_खडू

नांगरमुठ्या साहेब, परिमिती आणि क्षेत्रफळाचं याहून चांगलं उदाहरण ३४ वर्षांत मला सापडलं नाही. नमस्कार स्वीकारा.

गोदातीर

एवढं सगळं वाचल्यावर गप्प बसवेना. येत्या शनिवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर आमच्या प्रयोगशाळेत बसू या. मुख्याध्यापकांनी तोंडी परवानगी दिली आहे. पत्र नाही, भत्ता नाही, प्रमाणपत्र नाही. मी पाच किलो कांदे आणते. कुणीतरी वजनकाटा आणा. पत्ता व्यक्तिगत निरोपात.

पोळा_फुटला

मिसळ आहे का नंतर?

गोदातीर

आधी कांदे.

गोदातीर

शनिवारचा वृत्तांत, उशिरा देतेय कारण पेपर तपासत होते.

नऊ जण आले. निवृत्त_खडू सर, नांगरमुठ्या काका, बाकी शिक्षक. चाळीसपैकी_चाळीस सरही आले, "फक्त बघायला" असं म्हणत.

मुद्दाम लहान-मोठे मिसळून ६० कांदे टेबलावर पसरले होते. प्रत्येकावर चिकटपट्टीनं क्रमांक. प्रश्न एकच: या ढिगातल्या कांद्याचं सरासरी वजन किती? अट अशी की ६० च्या ६० मोजायचे नाहीत. प्रत्येकानं नजरेनं 'प्रातिनिधिक' वाटतील ते पाच निवडायचे, वजन करायचं, मध्य काढायचा. सगळ्यांनी मन लावून निवडले. एक मॅडम तर दोन लहान, दोन मध्यम, एक मोठा असा हिशोब करून निवडत होत्या. नऊ मध्य फळ्यावर लिहिले.

मग एकूण वजन केलं. ४ किलो २०० ग्रॅम भागिले ६०, म्हणजे खरा मध्य ७० ग्रॅम. फळ्यावरच्या नऊपैकी आठ आकडे ७० च्या वर! एक ९५ पर्यंत गेलेला. आम्ही सगळे गणित शिक्षक, आणि आठ जणांचा हात मोठ्या कांद्याकडे गेला. नांगरमुठ्या काका नुसते हसत होते. ७० च्या खाली एकटे तेच होते, ६९.

दुसऱ्या फेरीत डब्यात ६० चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीवर येईल तो क्रमांक घ्यायचा, असे पाच. या वेळी पाच जण ७० च्या वर, चार जण खाली. कुणीच नेमकं ७० वर नाही. एका सरांचा मध्य पहिल्या फेरीपेक्षा जास्तच चुकला, तर ते म्हणाले, "मग चिठ्ठीचा उपयोग काय?" इथे खरी चर्चा सुरू झाली. एकाची चिठ्ठी चुकू शकते, पण नऊ जणांच्या चुका दोन्ही बाजूंना पडतात. नजरेच्या चुका एकाच बाजूला पडतात. हे वाक्य मी आधी कितीदा वाचलं असेल, पण फळ्यावरचे ते दोन ढिगारे बघितले तेव्हा पोटात उतरलं.

फजितीही सांगते. स्वयंपाकघरातला काटा दर दोन मिनिटांनी आपोआप बंद पडत होता, आणि ४३ नंबरचा कांदा टेबलाखाली गेला होता. तो कमी आहे हे एकूण वजन केल्यावर लक्षात आलं, सगळं परत मोजावं लागलं. मोजताना सालपटं गळून वजन बदलतं, त्यावरून आणखी दहा मिनिटं वाद. वेळ संपला आणि मध्यकाचं राहूनच गेलं.

चाळीसपैकी_चाळीस

आलो होतो म्हणून लिहितो. माझे पाच कांदे ९५ ग्रॅमचे होते, नाव घेतलं नाहीत याबद्दल आभार. क्लासमध्ये मी हे करणार नाही, पालक विचारतील की फी कांदे मोजायला घेता का. पण मॅडम, तुमच्या शाळेत ६५ मुलं म्हणजे एकेक कांदा घरून आणला तरी ढीग तयार आहे. आणि त्या फुलीनं माझ्या पोरांचं बहुलकाचं सूत्र चुकायचं थांबलं, हे मान्य.

गोदातीर

एकेक कांदा घरून! हे मला सुचलंच नव्हतं. सोमवारी सांगते वर्गाला.

त्या निफाडच्या मुलीला मी सगळं सांगितलं. तिचा पुढचा प्रश्न तयार होता: "मग बाई, टीव्हीवर त्याला सरासरी का म्हणतात?" तिला म्हटलं, शोध आणि मला सांग.

पुढची बैठक चौथ्या शनिवारी. विषय पाऊस आणि मध्यक. आश्रमशाळेतले सर वही घेऊन येणार आहेत, त्यांची परतीची गाडी चुकू नये म्हणून या वेळी बाराला सुरू करू. काटा मात्र दुसरा हवा.

खळ्यावरचा

काटा मी पाठवतो. दुकानातला आहे, बंद पडत नाही. पण पावसाला काटा कशाला?

गोदातीर

पावसाला नाही हो. राहिलेले कांदे मोजायचेत, ४३ नंबर परत हरवलाय.